जेकबची दुनळी : वडिलार्जित बंदुकीची कदर आणि कायदा

कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक काय घेऊन येईल याचा नेम नाही. कुणी जुन्या पैठणीचा काठ आणतो, कुणी आजोबांची शेरवानी आणून तसलेच कापड मागतो. दोन वर्षांपूर्वी मृगाच्या तोंडावर पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका गावचे आमचे जुने गिऱ्हाईक आले. त्यांनी खिशातून वहीचा एक कागद काढला. कागद कशावर तरी ठेवून वरून पेन्सिल घासलेली होती आणि त्यात इंग्रजी अक्षरे उमटली होती.

"चाचा, तुम्ही मिलचे ठसे वाचता. हे काय लिहिलंय बघा की."

मिलचे ठसे वाचणे हा आमच्या धंद्यातला निम्मा अभ्यास. तागा उलटला की ठसा बघायचा आणि मगच भाव बोलायचा, ही सवय आम्हाला वालिदसाहेबांनी लावली. कागदावर लिहिले होते : स्विनबर्न अँड सन, आणि खाली साल, १८५९. मिल म्हणावी तर या नावाची मिल आम्ही ऐकली नव्हती. कुठून उठवले, असे विचारल्यावर त्यांनी इकडेतिकडे पाहिले आणि आवाज उतरवून सांगितले, "वडिलांच्या बंदुकीवरून."

इथून जे सुरू झाले ते सांगण्यासाठी हा लेख. आपल्या बिरादरीत शिकलगार आहेत, गोलंदाज आहेत, बारगीर आणि जमादार आहेत. आडनावेच सांगतात की कुणाच्या पणजोबांनी हत्याराला धार लावली, कुणी तोफ डागली, कुणी सरकारी घोडा बाळगला. अशा घरांत माळ्यावर, तुळईच्या बेचक्यात, धान्याच्या कणगीमागे अजूनही एखादी जुनी बंदूक निघते. ती निघाली की दोनपैकी एक चूक हटकून होते. कुणी तिला भंगार समजतो, तर कुणी सोन्याची खाण समजून गुपचूप दलाल शोधतो. दोन्हींत नुकसान आहे, आणि दुसरीत तुरुंगही आहे.

आम्ही त्या घरी जाऊन बंदूक पाहिली. हात लावला नाही, कारण पुढे सांगतो. दुनळी होती, दोन नळ्या शेजारी शेजारी. नळ्या आखूड, अंदाजे दोन फूट. लाकडी दस्ता काळा पडलेला. दोन घोडे, त्यातला डावा मोडका. नळीवर मागच्या बाजूला एक लांब पट्टी आडवी पडलेली, ती उभी केली की वीतभर उंच होते आणि तिच्यावर आकडे. आकडे पार २००० पर्यंत. म्हणजे दोन हजार यार्ड, आजच्या हिशेबाने अठराशे मीटरच्या वर. पंचगंगेच्या घाटावर उभे राहून गावाच्या पार मध्यावर नेम धरल्यासारखे! ज्या काळात साध्या बंदुकीचा शिपाई शंभर पावलांवरचा माणूस नक्की पडेल याची खात्री देत नसे, त्या काळात हा आकडा कोणी कोरला?

कोरवून घेणाऱ्याचे नाव जॉन जेकब. बंदुकांच्या शौकिनांना कोल्ट, एनफिल्ड, मार्टिनी ही नावे तोंडपाठ असतात. जेकबचे नाव फार थोड्यांना ठाऊक. हा गडी जन्माने इंग्रज, १८१२ सालचा, पण सारी नोकरी मुंबई इलाख्याच्या फौजेत, तोफखान्यातून सुरुवात. पुढे सिंधच्या बेकायदा घोडदळाचा (इथे 'बेकायदा' म्हणजे नियमित पलटणीबाहेरचे, एवढेच) तो सरदार झाला. १७ फेब्रुवारी १८४३ रोजी मियाणीच्या लढाईत तालपूर मीरांचे राज्य बुडाले, तेव्हा जेकब इंग्रजांच्या बाजूने घोडदळ घेऊन लढत होता. हे आम्ही लपवत नाही. त्याची तलवार आपल्याच कलमागो भावांवर चालली. कारागिराचा हुनर वेगळा आणि त्याने तो कुणाच्या कामी लावला हा सवाल वेगळा. दोन्ही लक्षात ठेवून वाचावे.

सिंधच्या वाळवंटातल्या खानगड या ठिकाणी त्याने छावणी वसवली, रस्ते काढले, कालवे खोदले. तेच आजचे पाकिस्तानातले जेकबाबाद. तिथेच तो डिसेंबर १८५८ मध्ये वारला आणि तिथेच त्याची कबर आहे. स्वतःच्या हाताने त्याने एक मोठे घड्याळ बनवले होते. असा माणूस बंदुकीच्या मागे लागला की काय करील? छावणीजवळ निशाणबाजीची लांबच लांब जागा आखून घेतली, पदरचा पैसा घातला आणि वर्षानुवर्षे नळ्या, खाचा, गोळ्या बदलून बदलून पाहिल्या. सरकारकडून सुरुवातीला उत्साह मिळाला नाही. अखेर १८५८ साली त्याच्या नावाच्या रायफल पलटणी उभ्या राहिल्या आणि त्यांच्यासाठी बर्मिंगहॅमच्या स्विनबर्न या कारखान्याने त्याच्या नमुन्याच्या दुनळी घडवल्या. लंडनच्या डॉ नावाच्या बंदूकवाल्यानेही शिकाऱ्यांसाठी जेकबच्या नमुन्याच्या बंदुका विकल्या. स्वतः जेकबला आपली पलटण आपल्या बंदुकीसह नांदताना फार दिवस पाहता आली नाही.

आता बंदुकीची करामत. कापडवाल्यांना आणि इचलकरंजीच्या लूमवाल्या भावांना ही गोष्ट चटकन कळेल. ही दुनळी ३२ बोअरची. बोअर म्हणजे काय? एका रतल शिशातून नळीच्या मापाच्या गोल गोळ्या किती होतात, तो आकडा. बत्तीस गोळ्या होत असतील तर ३२ बोअर. आकडा वाढला की नळी बारीक. आपल्या सुताचा काउंट असाच नाही का? एका रतलात ८४० यार्डांच्या किती लड्या बसतात, तो काउंट. आकडा वाढला की सूत बारीक. इंग्रजाने सूत आणि गोळी एकाच तराजूत मोजली! ३२ बोअर म्हणजे आजच्या मापात साधारण साडेतेरा मिलिमीटर व्यासाचे भोक.

या नळीच्या आत चार खोल खाचा आहेत, सरळ नव्हे, पीळ देऊन. गोळी त्या खाचांतून जाताना फिरक्या घेते आणि फिरणारी गोळी सरळ जाते. सुताला पीळ दिला की ते तुटत नाही, गोळीला पीळ दिला की ती भरकटत नाही. पीळ देण्याची अक्कल जेकबच्या आधीची, युरोपात शेकडो वर्षांची. जेकबने केले ते असे की गोळी गोल न ठेवता निमुळती, लांबट केली आणि तिच्या अंगावर चार उभ्या कडा ओतल्या. त्या कडा बरोबर चार खाचांत बसतात. कुलपात किल्ली बसावी तशी गोळी वरून सरकवायची.

साध्या पीळदार बंदुकीत गोल गोळी घालताना तिच्याभोवती चरबी लावलेला कापडाचा तुकडा गुंडाळत. गोळी आणि खाच यांच्यातली फट त्या कापडाने बुजते. यासाठी घट्ट विणीचे सुती किंवा तागाचे कापड लागे. विरळ विणीचे लावले तर ठासतानाच फाटते आणि निशाणी हुकते. म्हणजे बंदुकीच्या धंद्यात कापडवाल्याचाही वाटा होता. हे समजल्यावर आम्हाला या विषयाची खरी गोडी लागली.

जेकबची दुसरी करामत मात्र वाचताना अंगावर काटा आणते. गोळीच्या नाकात त्याने तांब्याची छोटी नळी बसवली आणि तिच्यात आदळताच फुटणारी दारू भरली. ही गोळी लांबच्या दारूच्या पेटीवर आदळली की पेटी उडे. तोफखान्याच्या माणसाने शिपायाच्या खांद्यावर तोफ दिली, असेच म्हणायचे. पुढे १८६८ साली सेंट पीटर्सबर्गला युरोपच्या राष्ट्रांनी करार करून ४०० ग्रॅमपेक्षा हलके फुटणारे गोळे लढाईत वापरायचे नाहीत असे ठरवले. तोवर जेकबच्या बंदुकीचाही जमाना संपत आला होता. तोंडातून ठासायच्या बंदुकीऐवजी मागून काडतूस घालायची स्नायडर १८६६ पासून इंग्रजी फौजेत आली. दहा वर्षांत जेकबची दुनळी जुनी झाली. धंद्यात आपण हे पाहतोच. टेरिकॉटने किती नामांकित मिलवाल्यांचा माल कपाटात बसवला!

जेकबच्या रायफल पलटणीचा वारसा १९४७ साली पाकिस्तानच्या बलोच रेजिमेंटकडे गेला. त्याच्या घोडदळाचा वारसा सांगणारी सिंध हॉर्स मात्र आपल्या भारतीय सेनेत आहे, आता घोड्यांऐवजी रणगाडे घेऊन.

दोन जेकब

त्या घरात आमच्या आधी एक दलाल येऊन गेला होता. कुठला, ते विचारू नका. त्याने घरच्यांना सांगितले होते, ही बंदूक १८५७ साली कोल्हापूरचे बंड मोडणाऱ्या जेकबसाहेबाची आहे, हिच्यातूनच बंडवाल्यांवर गोळ्या झाडल्या, मुंबईत शौकीन आहेत, कागदाची गरज नाही, रोख देतो.

गोष्ट झकास होती, पण खोटी. कोल्हापूरला आलेला जेकब वेगळा. त्याचे नाव जॉर्ज ल ग्रँड जेकब. ३१ जुलै १८५७ रोजी कोल्हापुरात २७ व्या मुंबई पायदळाचे शिपाई उठले, तेव्हा त्याला इकडे पाठवण्यात आले. त्याने त्या पलटणीची हत्यारे काढून घेतली. डिसेंबरात पुन्हा उठाव झाला, तोही त्याने मोडला. छत्रपतींचे धाकटे बंधू चिमासाहेब यांना त्याच प्रकरणात कराचीला हद्दपार केले आणि १८६९ साली ते तिकडेच वारले. कोल्हापूरकर चिमासाहेब चौकातून रोज जातात. हा जेकब पुढे पुष्कळ वर्षे जगला आणि त्याने आपल्या आठवणींचे पुस्तकही लिहिले. बंदूकवाला जॉन जेकब १८५७ साली इराणच्या मोहिमेवर बुशहरकडे होता.

आणि सगळ्यात मोठा पुरावा तर पेन्सिलीच्या कागदावरच होता. साल १८५९! जी बंदूक १८५९ साली घडली तिच्यातून १८५७ साली गोळी कशी सुटेल? तागा पाहून भाव बोलायचा, म्हणतो ते यासाठी. ठसा वाचला नसता तर त्या घरच्यांनी खोट्या गोष्टीवर विश्वास ठेवला असता आणि खरी किंमत घालवली असती. बंदुकीची खरी गोष्ट कमी मोलाची नाही. सिंधमध्ये घडलेल्या एका कल्पनेची वस्तू बर्मिंगहॅमला आकार घेऊन, कोण जाणे कुठल्या शिकारी साहेबाच्या किंवा जहागीरदाराच्या हातून, पन्हाळ्याखालच्या कणगीमागे आली. १८५७ नंतर इंग्रजांनी गावोगावची हत्यारे काढून घेतली आणि १८७८ च्या हत्यार कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय बंदूक बंद केली. त्यामुळे असा नग सर्वसाधारण घरात राहणे हेच नवल. घरच्यांच्या सांगण्याप्रमाणे त्यांचे पणजोबा एका इनामदाराकडे शिकारखान्यात नोकर होते आणि बंदूक त्यांना बक्षीस मिळाली. लेखी काही नाही, म्हणून आम्ही हे 'सांगतात' एवढेच लिहितो.

घासू नका

आता आमची स्वतःची चूक सांगतो. आमच्या ननिहालमध्ये एकनळी ठासणीची बंदूक होती, मामूंच्या नावे परवाना होता. १९८९ साली घरात शादी निघाली. आम्ही तेव्हा ऐन विशीत. पाहुण्यांसमोर बंदूक चमकली पाहिजे म्हणून मामूंच्या मागे लागून ती पॉलिशवाल्याकडे नेली. त्याने बफवर धरली आणि तासाभरात आरशासारखी करून दिली. सगळ्यांनी वाहवा केली. बऱ्याच वर्षांनी एका जाणकाराने ती हातात घेतली, नळी उजेडाकडे धरली आणि विचारले, "इथे काही लिहिलेले होते का?" मामूंना आठवेना, आम्हाला आठवेना. बनवणाऱ्याचे नाव, साल, तपासणीचा शिक्का, सगळे बफच्या चाकावर गेले होते. आज ती बंदूक कुणाची, कुठली, कधीची, याला जबाब नाही. मामू मरहूम झाले, पण त्यांनी आम्हाला त्याबद्दल कधी बोल लावला नाही, हे जास्त लागते.

म्हणून शिकलगार भावांना आमची अर्ज आहे. तलवारीला धार लावणे आणि जुन्या नळीची देखभाल ही दोन वेगळी कामे. जुन्या लोखंडावर आलेला तपकिरी रंग हा मळ नव्हे, तो वयाचा दाखला आहे. पॉलिश पेपर, वाळू, लिंबू, चिंच, ॲसिड, काही लावू नये. लाल भुकटीसारखा ताजा गंज असेल तर पातळ तेलात भिजवलेल्या मऊ कापडाने धीराने पुसावा. काही दिवस लागले तरी लागू द्यावेत. लाकडाला जवसाचे तेल थेंब थेंब घेऊन तळहाताने चोळावे, वार्निश कधी मारू नये. कोफ्तगिरीचे काम असेल, म्हणजे लोखंडात सोन्याचांदीची तार ठोकलेली असेल, तर तेही पुसण्याच्या भानगडीत न पडता जाणकाराला दाखवावे.

अकबर बादशहाच्या दरबारातले फतहुल्ला शिराझी हे नाव आपल्या मुलांना सांगावे असे आहे. आईन-ए-अकबरीत एकाच वेळी सोळा नळ्या साफ करणाऱ्या, जनावराने फिरवायच्या चाकाचे वर्णन आहे. अबुल फजलने श्रेय बादशहाला दिले, अभ्यासक ते शिराझींकडे देतात. दरबारी लेखणी अशीच चालते. कारागिराचे नाव तेव्हाच टिकते जेव्हा तो स्वतः वस्तूवर कोरून ठेवतो. विजापूरला जाणाऱ्या आपल्या व्यापारी भावांनी बुरुजावरची मलिक-ए-मैदान तोफ पाहिली असेल. ती १५४९ साली अहमदनगरला निजामशाहीत ओतली गेली. उर्दू शाळेत शिकल्याचा फायदा म्हणून आम्ही एकदा तिच्यावरचा मजकूर अडखळत वाचला. ओतणाऱ्याचे नाव आहे, मुहम्मद बिन हुसेन रूमी. पावणेपाचशे वर्षे झाली, नाव जागेवर आहे. ती तोफ कुणी बफवर धरली नाही, म्हणून!

हात लावण्याआधीची एक गोष्ट, ज्यासाठी आम्ही त्या दुनळीला शिवलो नाही. ठासणीची बंदूक शंभर वर्षे पडून असली तरी आत दारू-गोळी भरलेली असू शकते. दारू कोरडी राहिली असेल तर ती पेटते. पारखायची रीत सोपी आहे. बंदुकीचे तोंड कुणाकडेही न करता बारीक लाकडी काठी हलक्या हाताने नळीत सोडावी. थांबली तिथे, तोंडाशी, काठीवर खूण करावी. मग तीच काठी नळीच्या बाहेरून खुणेवर धरावी. काठीचे टोक मागे टोपी बसते त्या कानापर्यंत पोचले तर नळी रिकामी. दोन-चार बोटे अलीकडे राहिले तर आत काहीतरी आहे. मग पुढे काही करू नये, उकरू नये, तापवू तर मुळीच नये. परवानेदार बंदूक दुरुस्तीवाल्याला बोलवावे. पन्हाळ्याखालच्या दुनळीची एक नळी रिकामी निघाली, दुसऱ्या नळीत काठी तीन बोटे अलीकडे थांबली. घरातली पोरे आजवर तिच्याशी खेळत आली होती.

कागद

वडिलांच्या नावे परवाना होता. वडील वारून तीन वर्षे झाली होती. परवाना माणसाचा असतो, घराचा नसतो. माणूस गेला की संपतो. दोन भाऊ, एक बहीण. धाकट्याला विकून रिक्षाचे कर्ज फेडायचे होते. थोरल्याला विकायचे नव्हते. मधल्या काळात बंदूक कणगीमागे, विनापरवाना.

कुणी म्हणेल, शंभर वर्षांहून जुनी वस्तू, तिला कसला परवाना? १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या ४५ व्या कलमात सूट आहे खरी. जुन्या नमुन्याचे, पुराणवस्तू म्हणून मोल असलेले किंवा मोडके हत्यार, जे दुरुस्त करून किंवा न करता बंदूक म्हणून वापरता येणार नाही, त्याला कायदा लागू नाही. सगळी मेख 'दुरुस्त करून किंवा न करता' या शब्दांत आहे. घोडा मोडका आहे, पण नवा बसवला तर ती चालेल. मग सूट नाही. चालू शकते की नाही हे आपण घरबसल्या ठरवायचे नाही, ते सरकारी तपासणीने ठरते.

याच घोड्यावरून एका भल्या कारागिराचे घर उद्ध्वस्त होता होता राहिले. धाकट्याने उद्यमनगरातल्या ओळखीच्या लेथवाल्याला नवा घोडा करून द्यायला सांगितले होते. चालती बंदूक जास्त पैसे देईल, असा त्याचा हिशेब. उद्यमनगरच्या हातांना काय कठीण आहे? ज्यांनी ऑइल इंजिने घडवली त्यांना एक घोडा म्हणजे अर्ध्या दिवसाचे काम. पण परवान्याशिवाय बंदूक दुरुस्त करणे हा कायद्याच्या ५ व्या कलमाचा भंग आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला कमीत कमी ७ वर्षे, जास्तीत जास्त जन्मठेप. नुसती विनापरवाना बंदूक बाळगली तरी दोन ते पाच वर्षे. लेथवाला माणूस नमाजी, साधा, त्याला यातले काही माहीत नव्हते. त्याने दोनशे रुपये मजुरी सांगितली होती. आम्ही त्याच्याकडे स्वतः गेलो. त्याने अर्धवट झालेला नग आमच्यासमोर भट्टीत टाकला आणि पाणी मागितले.

आता खरा मार्ग. बंदूक बाळगण्याचा हक्क संपला की ती विनाकारण विलंब न करता पोलीस ठाण्यात किंवा परवानेदार शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावी, असे २१ वे कलम सांगते. जमा केली म्हणजे गेली, ही समजूत चुकीची. पावती मिळते, मालकी राहते. वारसाला जिल्हाधिकाऱ्यांकडे परवान्यासाठी अर्ज करता येतो. मृत्यूचा दाखला, जुना परवाना, इतर वारसांची नाहरकत लागते. २०१९ नंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, पूर्वी तीन चालत, हे ज्यांच्याकडे शेताच्या राखणीची बंदूक आधीच आहे त्यांनी ध्यानात ठेवावे. विकायचीच असेल तर परवानेदाराला, कागदोपत्री. परदेशी धाडायचे तर नावच काढू नका. शंभर वर्षांवरील वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते, खाजगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही, आणि पुरावस्तूंचा धंदा करायलाही वेगळा परवाना लागतो. दलालाने 'कागदाची गरज नाही' म्हटले, तेव्हाच दार दाखवायला हवे होते.

तीन वर्षे उशीर झाला होता, म्हणून वकील बरोबर घेतला आणि अर्जात उशीर लपवला नाही. ठाण्यात नेण्याआधी परवानेदार मिस्त्रीने येऊन भरलेली नळी रिकामी केली. आत काळी भुकटी, चिंधी आणि शिशाची साधी गोल गोळी निघाली, जेकबची कडांवाली नव्हे. पुढच्या मालकाने मिळेल ती गोळी घातलेली. चिंधी आम्ही बोटात धरून पाहिली. हातमागाचे जाडेभरडे सुती कापड, वीण चांगली घट्ट.

नाहरकतीचा कागद आला तेव्हा खरी अडचण उभी राहिली. दोघे भाऊ आपसात ठरवून मोकळे झाले होते, धाकट्याला थोरल्याने काही रक्कम द्यायची आणि बंदूक थोरल्याने ठेवायची. बहीण सांगलीला दिलेली, तिला फक्त सही करायला बोलावले. तिने कागद वाचला आणि विचारले, "माझा हिस्सा कुठे लिहिलाय?" थोरला म्हणाला, आपा, बंदूक काय तीन ठिकाणी कापायची? ती म्हणाली, "कापू नका, पण लिहा तरी." तिचे बरोबर होते. शरीअतच्या वाटणीत भावाला दोन तर बहिणीला एक. पाच हिस्से होतात, एक तिचा. शेत वाटताना हा हिशेब सगळ्यांना आठवतो, माळ्यावरच्या वस्तू निघाल्या की विसरतो. शेवटी स्टॅम्पपेपरवर लिहिले गेले की बंदूक थोरल्याकडे राहील, पण कधी विकली तर एक पंचमांश किंमत बहिणीची. मग तिने सही केली, आणि जाताना पोराला ठाण्यात नेऊन, हवालदारांची परवानगी घेऊन, ती बंदूक दाखवून गेली.

ज्यांना असला नग नीट जपलेला कसा दिसतो ते पाहायचे असेल त्यांनी आपल्या न्यू पॅलेसमधले शहाजी छत्रपती संग्रहालय पाहावे. पुण्याला गेलात तर राजा केळकर संग्रहालय. आम्ही थोरल्याला दोन्ही पाहून यायला सांगितले, तो निम्मे ऐकला. न्यू पॅलेस पाहून आला.

परवाना यायला अकरा महिने लागले. बंदूक घरी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी थोरला दुकानात आला, गुंडाळायला कापड मागू लागला. हिरवी मखमल द्या म्हणाला. आम्ही मखमल दिली नाही. मखमलीत दमट हवा अडकते आणि कोल्हापूरच्या पावसात चार महिन्यांत गंज चढतो. साधा मांजरपाट घ्या, पण कोरा नको. कोऱ्यात खळ असते, खळ ओल धरते. दोनदा गरम पाण्यात धुऊन, उन्हात कडक वाळवून, हलका तेलाचा हात फिरवून मग गुंडाळा. दर दोन महिन्यांनी सोडून हवा लागू द्या, आणि कुलपाच्या कपाटात ठेवा, कणगीमागे नाही. मोडका घोडा मोडकाच राहू द्या. साडेतीन मीटर कापून दिले. पैसे घेतले नाहीत, तर शिलाई मशीनच्या तेलाची बाटली त्याने स्वतःहून घेतली आणि तिचे पैसे गल्ल्यावर ठेवून गेला.